लांबच्या वाटेने लवकर

१६ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे एअर इंडियाचं एक बोइंग ७७७ विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालं आणि नेहमीसारखं पश्चिमेला न वळता पूर्वेला वळलं. ही सेवा त्याआधी दहा-अकरा महिने युरोप आणि अटलांटिक महासागरावरून चालू होती. त्या वाटेने सुमारे १३,९०० किलोमीटर पडत. पूर्वेकडची, पॅसिफिक महासागरावरून जाणारी वाट भरली सुमारे १५,३०० किलोमीटर. म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, मुंबई-दिल्ली हवाई अंतरापेक्षाही अधिक. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, एरवीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी. त्यात आणखी एक गंमत आहे. पृथ्वीच्या गोलावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातलं सर्वांत कमी अंतर मोजलं तर ते भरतं १२,४०० किलोमीटरच्या आसपास, आणि ती रेघ या दोन्ही वाटांपासून दूर, थेट आर्क्टिक समुद्रावरून जाते. एकाच जोडीची तीन अंतरं, आणि प्रत्यक्ष उडालेल्या दोन वाटांतली लांबची लवकर संपणारी. रस्त्यावरच्या प्रवासात असं झालं तर आपण खड्ड्यांना किंवा टोलनाक्यावरच्या रांगेला दोष देऊ. आकाशात खड्डेही नाहीत आणि नाकेही नाहीत, असं निदान खालून पाहताना वाटतं. प्रत्यक्षात तिथे दोन्हींसारखं काहीतरी आहे, आणि पायाखाली सरकणारा रस्ताही आहे.

मोसंब्यावरची रेघ

सुरुवात सर्वांत सोप्या अंतरापासून करू. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेवरून खरोखर उड्डाण केलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर कापावे लागतील. आता एक मोसंबं घ्या, त्यावर दोन ठिपके काढा आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत आखूड वाट धरतो, आणि ती वाट ठिपके एकाच उंचीवर असले तरी मोसंब्याच्या देठाकडे झुकते. पृथ्वीवर या वाटेचं नाव बृहद्वृत्त: गोलाला बरोबर मधोमध कापणारं वर्तुळ. मुंबई-न्यूयॉर्कच्या बृहद्वृत्तावर निघायचं तर विमानाचं नाक पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच अधिक वळवावं लागतं. ही वाट मॉस्कोच्या जवळून, आइसलँडवरून आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशेजारून जाते आणि सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. नुसता दोरा ताणल्याने सतराशे किलोमीटर वाचले.

नकाशा आपल्याला फसवतो तो असा. मोसंब्याची साल टेबलावर सपाट करायची तर ती फाडावी तरी लागते किंवा ताणावी तरी. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली तयार केलेल्या नकाशात ती उत्तर-दक्षिण टोकांकडे ताणलेली आहे, कारण त्याला होकायंत्र धरून जहाज हाकणाऱ्या खलाशांची सोय करायची होती. एकच दिशा धरून चालत राहिलं की त्या नकाशावर सरळ रेघ उमटते, आणि खलाशाला हवं होतं ते हेच. साडेचारशे वर्षांनी त्याच धाटणीचा नकाशा विमानातल्या पडद्यावर पाहून वैमानिक उगाच वळसा घालतोय, असं प्रवाशाला वाटतं. त्यात मर्केटरचा दोष नाही. नकाशा ज्या कामासाठी बनला, ते काम सोडून आपण त्याला भलताच प्रश्न विचारतो.

होडी आणि भरती

तर बृहद्वृत्ताचं अंतर विमानाच्या वेगाने भागलं की वेळ मिळायला हवा. लांब पल्ल्याचं विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे ८९० किलोमीटर वेगाने उडतं. पण हा वेग कशाच्या तुलनेत? सगळी मेख या प्रश्नात आहे. विमानाचे पंख हवेला टेकलेले असतात, त्याची इंजिनं हवा मागे ढकलतात आणि त्याचा वेगही भोवतालच्या हवेतून मोजलेला असतो. ती हवा स्वतः जमिनीवरून सरकत असेल, तर विमानही तिच्याबरोबर सरकतं. कोकणातल्या खाडीत होडी हाकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बंदरातून आत गावाकडे जायचं तर तो भरतीची वाट पाहतो आणि परतायचं तर ओहोटीची. वल्ही तेवढ्याच जोराने मारायची, पण एकदा पाणी साथ देतं आणि एकदा अडवतं. खाडीची लांबी बदलत नाही. होडीला कापावं लागणारं पाणी मात्र बदलतं.

हाच हिशेब त्या ऑक्टोबरच्या उड्डाणाला लावू. १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत, म्हणजे जमिनीवरून सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर. अटलांटिकच्या वाटेला साडेसोळा तास धरले तर सरासरी येते ८४२. एकाच जातीचं विमान एकदा स्वतःच्या वेगापेक्षा ताशी दीडशेहून अधिक किलोमीटर जास्त धावलं आणि एकदा पन्नासेक कमी. आता उलट बाजूने मोजा. साडेचौदा तास ताशी ८९० ने गुणले तर पॅसिफिकच्या वाटेवर विमानाने सुमारे १२,९०० किलोमीटर हवा कापली; अटलांटिकच्या वाटेवर सुमारे १४,७००. जमिनीवर लांब असलेली वाट हवेत अठराशे किलोमीटरने आखूड निघाली. कोडं सुटलं ते इथे: विमान लांबच्या वाटेने लवकर पोचलं असं म्हणणं नीटसं खरं नाही. विमानाच्या दृष्टीने ते जवळच्याच वाटेने गेलं. लांब होती ती खालची जमीन, आणि विमानाला जमिनीशी देणंघेणं असतं ते दोनदाच, निघताना आणि उतरताना.

एक विमान, तीन अंतरं (दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, ढोबळ आकडे)
बृहद्वृत्ताची वाट: जमिनीवर १२,४०० किमी, तिबेट, सायबेरिया, आर्क्टिक, अलास्कावरून.
अटलांटिकची वाट: जमिनीवर १३,९०० किमी, हवेत सुमारे १४,७०० किमी.
पॅसिफिकची वाट: जमिनीवर १५,३०० किमी, हवेत सुमारे १२,९०० किमी.

पृथ्वी फिरते, मग विमान थांबलं तर?

इथे एक जुनी शंका हमखास डोकं वर काढते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला फायदा व्हायला हवा, कारण मुक्काम स्वतःच त्याच्या दिशेने येतोय. किंबहुना विमानाने वर जाऊन नुसतं तरंगत राहावं आणि खाली न्यूयॉर्क आलं की उतरावं. शंका हास्यास्पद नाही, पण ती एक गोष्ट विसरते. मुंबईची जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने धावत असते आणि तिच्यावरची हवाही तिच्यासोबत तेवढ्याच वेगाने धावत असते. तसं नसतं तर मरीन ड्राइव्हवर उभ्या माणसाला ताशी पंधराशे किलोमीटरचं वादळ सोसावं लागलं असतं. धावत्या एस.टी.मध्ये उडी मारली तर माणूस मागच्या काचेवर आदळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतोच, पण आडवळणाने आणि शंकेच्या नेमका उलट. विषुववृत्ताकडची हवा तापलेली असते आणि ध्रुवाकडची गार. तापलेली हवा फुगते. आंबवलेलं इडलीचं पीठ भांड्यात वर चढतं, तसा तिचा स्तंभ उंच होतो. त्यामुळे दहा किलोमीटर उंचीवर उष्ण बाजूला अजून बरीच हवा डोक्यावर असते आणि थंड बाजूला कमी. दाबाच्या या उतारावरून हवा ध्रुवाकडे घसरू लागते. पण विषुववृत्ताजवळची जमीन ताशी १,६७० किलोमीटरने फिरते आणि तीस अक्षांशावरची सुमारे १,४५० ने. दक्षिणेकडून आलेल्या हवेजवळ पूर्वेकडचा जादा वेग शिल्लक राहतो आणि ती खालच्या जमिनीच्या पुढे पळते. यालाच आपण कोरिऑलिस परिणाम म्हणतो. उत्तरेकडे निघालेली हवा अशी वळत वळत अखेर पूर्वेकडे वाहू लागते, आणि जिथे उष्ण आणि थंड हवेतला फरक तीव्र, तिथे ती अरुंद, वेगवान पट्ट्यात एकवटते. हा जेट प्रवाह. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो आणि वेग तीनशेच्याही पुढे जातो. उत्तर भारतावरून जाणाऱ्या त्याच्या एका पट्ट्याबरोबरच हिवाळ्यात दिल्ली-पंजाबात अवकाळी वाटणारा पाऊस येतो. जपानवर तर तो जगातल्या सर्वांत जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो, आणि पॅसिफिकच्या वाटेवरचं विमान नेमकं तिथेच त्याच्यावर स्वार होतं.

जपानमध्येच हा प्रवाह पहिल्यांदा पद्धतशीर मोजला गेला, हा योगायोग नव्हे. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडले आणि उंचावरच्या वाऱ्यांचे विलक्षण वेग टिपले. आपलं संशोधन जगाने वाचावं म्हणून त्याने १९२६ साली ते एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापलं. परिणाम असा झाला की ते जवळजवळ कुणीच वाचलं नाही. १९४४ च्या अखेरीस जपानवर उंचावरून बाँब टाकायला गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना या वाऱ्याने चकित केलं. जपानी लष्कराला मात्र तो ठाऊक होता: त्यांनी त्याच प्रवाहावर नऊ हजारांहून जास्त बाँबवाहू फुगे अमेरिकेच्या दिशेने सोडले.

जाता-येता हिशेब जुळतो का?

वारा जाताना अडवतो तर येताना ढकलतो. मग एकूण वेळ सारखाच राहील, असं म्हणता येईल. हा युक्तिवाद बरोबर वाटतो, पण आकडे त्याला साथ देत नाहीत. सहा हजार किलोमीटरचं अंतर, ९०० चा वेग आणि १०० चा वारा घ्या. वाऱ्याविरुद्ध साडेसात तास, वाऱ्यासोबत सहा, एकूण साडेतेरा. वारा नसता तर दोन्ही मिळून तेरा तास वीस मिनिटं. दहा मिनिटं कुठे गेली? विमान अडवणाऱ्या वाऱ्यात साडेसात तास राहिलं आणि ढकलणाऱ्या वाऱ्यात सहाच. तोट्यात जास्त वेळ काढला, म्हणून नफ्याने तो भरून निघाला नाही. विमान कंपन्या म्हणूनच जाण्यायेण्यासाठी वेगळ्या वाटा निवडतात: अडवणारा वारा टाळायचा, ढकलणारा शोधायचा. पॅसिफिकवरून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेलं विमान परतताना पुन्हा पॅसिफिककडे गेलं नाही, अटलांटिककडूनच पूर्वेला आलं. दोन्ही वेळा वारा पाठीशी, आणि एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण.

वाऱ्याची ही मदत किती असू शकते, याचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं आहे. सियारा नावाच्या वादळाने जोर चढलेल्या जेट प्रवाहात ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी याच प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीवरून त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला. तेवढ्या उंचीवरच्या गार हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० असतो, तेव्हा जंबो जेटने ध्वनीची मर्यादा ओलांडली काय? नाही. ती मर्यादाही हवेच्या तुलनेतच मोजायची असते, आणि भोवतालच्या हवेतून ते विमान नेहमीच्याच चालीने जात होतं.

डोंगर, दोन इंजिनं आणि परवाने

मग उत्तर अगदी सोपं होईल: रोजचा वारा पाहायचा, हवेत सर्वांत आखूड पडणारी वाट संगणकाकडून काढून घ्यायची आणि निघायचं. उड्डाणाची आखणी करणारे रोज हेच करतात. पण त्यांना सगळी हवा मोकळी नसते, आणि पहिली अडचण भूगोलाची. कझाकस्तानातलं अल्माटी हे शहर जवळजवळ दिल्लीच्याच रेखावृत्तावर, सरळ उत्तरेला आहे. अंतर जेमतेम १,६४० किलोमीटर, साधारण दिल्ली-बंगळूरूइतकं. पण मध्ये हिमालय, काराकोरम आणि तिएन शान उभे आहेत. विमान या शिखरांच्या कितीतरी वरून जाऊ शकतं, प्रश्न बिघाडाचा असतो. केबिनमधला हवेचा दाब गेला तर डोक्यावर लोंबणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो आणि तेवढ्यात विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागतं. तिबेटचं पठारच सरासरी पंधरा हजार फूट उंच. खाली यायचं तरी कुठे? म्हणून विमानं डोंगरांना पश्चिमेकडून, पाकिस्तानवरून वळसा घालून उत्तरेला जात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं तेव्हा हा वळसा इतका लांबला की इंडिगोने अल्माटी आणि ताश्कंद ही शहरं आपल्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेल्याचं सांगून तिथली उड्डाणं थांबवली. शहरं जागची हलली नव्हती. त्याच दिवसांत एअर इंडियाच्या अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना आणि कोपनहेगनला उतरावं लागलं.

परवान्यांचा हा प्रभाव वाऱ्याहून मोठा असू शकतो. हेलसिंकी हे शहर आशियाला युरोपातून सर्वांत जवळचं दार म्हणून फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीने वर्षानुवर्षं नावारूपाला आणलं, कारण तिथून सायबेरियावरून टोकियो साडेनऊ-दहा तासांवर होतं. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाचं आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद झालं आणि फिनएअरची तीच विमानं उत्तर ध्रुवाला वळसा घालत सुमारे तेरा तास घेऊ लागली. तीन-साडेतीन तासांचा हा फरक कोणत्याही जेट प्रवाहाने सहसा पडत नाही. भारतीय कंपन्यांना मात्र रशियाची वाट खुली राहिली, आणि दिल्ली-अमेरिका उड्डाणांत अमेरिकी स्पर्धकांवर त्यांना मिळालेला वरचष्मा वैमानिकांच्या कौशल्यातून आलेला नव्हता, मुत्सद्देगिरीतून आलेला होता.

राहिली इंजिनं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठरावीक वेळात विमानतळ गाठता आला पाहिजे, असा नियम आहे. एकेकाळी ही मुदत तासाभराची होती, त्यामुळे महासागर ही चार किंवा तीन इंजिनांच्या विमानांची मक्तेदारी होती. इंजिनं भरवशाची होत गेली तशी मुदत वाढली. १९८५ मध्ये ती काही विमानांसाठी दोन तासांची झाली आणि अटलांटिक दोन इंजिनांना खुला झाला. आज ती तीन तास आणि त्याहूनही पुढे गेली आहे, म्हणूनच ७७७ सारखं विमान पॅसिफिकवरून आणि ध्रुवाजवळून जाऊ शकतं. नियम कागदापुरता नाही. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगादानला उतरलं. दुसरं विमान येईपर्यंत प्रवाशांना तिथे मुक्काम करावा लागला. ज्या वाटेखाली असं मगादान नसतं, ती कितीही आखूड असली तरी बादच.

तिकिटावरची वेळ

इतकं सगळं ठरल्यावर तिकिटावर छापतात ती वेळ उड्डाणाची नसतेच. विमान फलाटावरून मागे ढकललं जातं तिथपासून मुक्कामी फलाटाला लागेपर्यंतच्या वेळेला विमानव्यवसायात ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, आकाशातल्या घिरट्या आल्या आणि उशीर झाला तरी वेळेवर पोचल्याचं दाखवता यावं म्हणून ठेवलेली सैल शिलाईही आली. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते. आठ-नऊ तासांच्या प्रवासाच्या शेवटी तिथे वीस मिनिटं घिरट्या घातल्या तर त्या किलोमीटरांचा हिशेब कुठल्याच अंतरात धरलेला नसतो.

आणि दोन्ही टोकांच्या वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे सरकतं, म्हणून मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेला प्रवासी पंधरा-सोळा तास बसूनही त्याच सकाळी न्यूयॉर्कला उतरतो. पूर्वेकडून अमेरिकेला जाणाऱ्याचं याहून विचित्र होतं, कारण वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा येते. १६ ऑक्टोबर २०१६ च्या त्या विमानातल्या प्रवाशांनी दिल्ली सोडली तेव्हा रविवारची पहाट होती. पॅसिफिकवर त्यांच्यापुढे शनिवारची संध्याकाळ आली. सॅन फ्रान्सिस्कोला उतरले तेव्हा तिथे त्याच रविवारची सकाळ नुकती उजाडत होती.